नळीचं तोंड दरीकडे

नरेलने स्वतःचा आवाज ऐकला तेव्हा ती घराच्या बोळात उभी होती आणि तिचं तोंड बंद होतं. दातांच्या ज्या दवाखान्यात ती काउंटरवर बसायची तिथली वीज गेली होती, म्हणून डॉक्टरांनी सगळ्यांना सकाळीच सुट्टी दिली होती. ट्रॅममधून उतरून, वाटेत पाव घेऊन ती घरी आली. बाथरूमचं दार लोटलेलं होतं, फटीतून वाफ येत होती, नवऱ्याच्या, रॉसच्या दाढीच्या साबणाचा वास येत होता आणि तिचा आवाज येत होता. "नाही, माझं काहीच म्हणणं नाही हं," तो आवाज म्हणत होता, "तुम्हाला जमेल तेव्हा या, आज नाही जमलं तरी चालेल. फक्त काय झालंय, पाणी छतातून थेट पलंगावर पडतंय ना, म्हणून आपलं विचारलं." आधी तिला वाटलं, नळवाल्याशी बोलताना आपलं बोलणं याने कधीतरी फोनवर टिपून ठेवलं असावं. मग क्षणभर असं वाटलं की आपण आतच आहोत आणि बोळात पाव घेऊन उभी असलेली ही बाई दुसरीच कुणीतरी आहे. तेवढ्यात स्पीकरवर ठेवलेल्या फोनमधून हसणं आलं. आधी श्वास अडकल्यासारखा एक झटका आणि मागून नाकातून फुटलेला फुत्कार. फोनच्या खरखरीत ते बाईचं की पुरुषाचं तेही कळत नव्हतं. "थांब, थांब, पुढे ऐक की," रॉस स्वतःच्या आवाजात म्हणाला आणि पुन्हा तिच्या आवाजात शिरला, सहज, जसा आपण घरातल्या चपलांत पाय घालतो. नरेल मागच्या मागे फिरली. दार तिने हळू लावलं, आवाज होऊ नये म्हणून, आणि ट्रॅमच्या थांब्यावर जाऊन बसली. पावाची पिशवी मांडीवर घेऊन संध्याकाळ होईपर्यंत बसली. नेहमीच्या वेळी घरी गेली आणि म्हणाली, "दिवस कसा गेला?" आणि म्हणता म्हणताच तिला ते ऐकू आलं. शेवटच्या शब्दावर आवाज वर जायचा, परवानगी मागितल्यासारखा. आयुष्यभर जात असणार. तिला माहीत नव्हतं.

त्यानंतरचे दोन महिने ती मोजून बोलली. दवाखान्यात येणाऱ्या घाबरलेल्या म्हाताऱ्यांना ती पूर्वी सतत काहीबाही सांगत असे, दुखणार नाही, डॉक्टरांचा हात हलका आहे, हवा काय छान पडलीय. आता ती फक्त नाव विचारायची आणि खुर्ची दाखवायची. एक ग्रीक आजी तिला म्हणाल्या, "माझ्यावर रागावलीस का गं पोरी?" तिला हसून काहीतरी म्हणायचं होतं, पण ते वाक्य घशापर्यंत आलं तेच मुळी रॉसच्या तोंडून. घरात तो तसाच होता. रॉस घरांचे लिलाव पुकारायचा. शनिवारी कुणाच्या तरी फाटकात, फुटपाथवर उभा राहून तो शेपन्नास अनोळखी माणसांना हसवायचा, चिडवायचा, घाबरवायचा आणि घर विकून टाकायचा. बाकीचा आठवडा त्याचा घसा मोकळा असायचा. त्याच्या या घशावरच तर ती भाळली होती. पहिल्यांदा भेटले ते तिची मैत्रीण पिप हिच्या घरी, जेवायला. पिपचा नवरा वॉरिक आणि रॉस कॉलेजपासूनचे दोस्त. त्या रात्री रॉसने एका फुटबॉल समालोचकाची नक्कल केली, पिपच्या सासूची केली, नरेलच्या त्या वेळच्या बॉसला तर त्याने पाहिलंही नव्हतं, नुसतं तिच्या वर्णनावरून त्याने तो उभा केला. नरेल हसून हसून टेबलावर आडवी झाली होती. लग्नानंतर एकदा तिने लाडात विचारलं होतं, "माझी कर ना." तो तिच्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "तू नाही जमत मला. तुझ्यात पकडायला काही सापडतच नाही." वीस वर्षं तिने ते वाक्य एखाद्या दागिन्यासारखं जपून वापरलं. सगळं जग याच्या चिमटीत सापडतं, आपण तेवढ्या सापडत नाही. याहून वेगळं प्रेम ते काय असतं, असं तिला वाटायचं.

जानेवारीत वॉरिक पन्नाशीचा झाला आणि चौघं डोंगरावर गेले. हिवाळ्यात बर्फावर घसरायला येतात त्या जागी, उन्हाळ्यात. मेलबर्नमध्ये डांबर वितळत होतं, उत्तरेकडे कुठेतरी रान पेटल्याचा वास पडद्यांत शिरला होता. वर मात्र हवा पातळ आणि कोरडी होती. बर्फ नसलेला तो उतार एखाद्या अर्धवट कपडे काढलेल्या म्हाताऱ्यासारखा उघडा पडला होता. पिवळं गवत, खडी, लिफ्टच्या रिकाम्या खुर्च्या तारेवर जिथल्या तिथे लटकलेल्या, आणि मागल्या वणव्यात जळून गेलेल्या निलगिरींचे पांढरे सांगाडे कड्यापर्यंत. नरेल गाडीच्या मागच्या सीटवर पिपशेजारी बसून आली होती आणि सगळा रस्ता तिने एकच काम केलं होतं. ती हसणी ऐकत होती. वॉरिक पोटातून हसायचा, हो हो हो करून, पण फोनवर माणूस वेगळं हसत असेल. पिप गाडीत हसलीच नाही. तिचं डोकं दुखत होतं, वळणांनी तिला मळमळत होतं, ती नरेलच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. पिपचे केस नरेलच्या गळ्याला गुदगुल्या करत होते. त्या दोघी सतरा वर्षांच्या असल्यापासून एकमेकींना ओळखत होत्या. एका खोलीत राहिल्या होत्या, एकच कोट आळीपाळीने घातला होता. नरेलला 'नेल' म्हणणारी आधी जगात एकटी पिपच होती, तिच्याकडून ते रॉसने उचललं. पिप नसावी, नरेल वळणावळणावर स्वतःशी म्हणत होती. वॉरिक असू दे. लिलावाच्या ऑफिसातला कुणी असू दे.

मातीच्या तबकड्यांवर बंदूक चालवायची टूम वॉरिकची. दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला तो म्हणाला, "चौघांचं सांगून ठेवलंय. नाही म्हणायचं नाही. पन्नास वर्षं मी कशावर गोळी झाडलेली नाही, आता तरी झाडतो."

"बायकोला आधी विचारलंस का, तिने तुझ्यावर झाडायची ठरवली असली तर?" रॉस म्हणाला.

"छर्रे फुकट जातील," पिप म्हणाली. "याला काही लागत नाही."

उताराच्या कडेला एक लाकडी चौथरा होता. त्याच्यापुढे जमीन एकदम खाली दरीत जात होती. खालच्या बाजूला, कठड्याआड, तबकड्या फेकणारं यंत्र लोखंडी पेटीत बसवलेलं होतं. तिथली बाई चाळिशीपुढची, उन्हाने नाक सोललेली. तिचं नाव रोंडा. एकाच दमात पाठ केलेलं सांगावं तसं तिने सगळं सांगितलं. बंदूक दुनळी. आपली पाळी येईपर्यंत ती मोडून, उघडी हातात धरायची. काडतुसं ती स्वतः देणार. दस्ता खांद्याच्या खळगीत घट्ट, गाल दस्त्यावर, पाय रोवून. तयार झालं की मोठ्याने 'सोड' म्हणायचं, ती हातातलं बटण दाबणार, तबकडी उडणार. "आणि नळीचं तोंड कायम दरीकडे. कुणी हाक मारली, गोमाशी चावली, नवऱ्याने उभ्या उभ्या घटस्फोट मागितला, तरी तोंड दरीकडे. वळायचं असेल तर आधी बंदूक मोडा, मग खुशाल वळा. कळलं?"

"कळलं मॅडम," वॉरिक म्हणाला.

कानांवर जाड झाकणं चढवली आणि जग दूर गेलं. नरेलला ते बरं वाटलं. माश्यांची भुणभुण थांबली, तिघांच्या गप्पा गादीखालून आल्यासारख्या यायला लागल्या. वॉरिक पुढे झाला, बंदूक खांद्याला लावताना त्याची मान आखडली, चेहरा एकाएकी पोरासारखा गंभीर झाला. त्याने "सोड!" म्हणून आरोळी ठोकली तशी दरीवर नारिंगी ठिपका उसळला, आवाज झाला आणि ठिपका तसाच तरंगत जाऊन गवतात पडला. तिसऱ्या वेळी तबकडी फुटली. काळा धूर व्हावा तशी तिची भुकटी झाली आणि ती भुकटी वाऱ्याने हळूहळू बाजूला नेली. वॉरिक नाचला. मग रॉस गेला. रॉसची एकही लागली नाही, आणि नेम चुकणं हाच जणू त्याचा खेळ होता. प्रत्येक वेळी तो मागे बघून असं तोंड करायचा की तबकडीने त्याचा अपमान केलाय. परत येता येता त्याने हलक्या आवाजात रोंडा केली. "गोमाशी चावली, घर जळालं, पोटात कळ आली, तरी तोंड दरीकडे." नाकाची सालपटं काढल्याचा हातही केला. वॉरिक हो हो हो करून हसला. रोंडा पाठमोरी होती. नरेलने पिपकडे पाहिलं. पिप टोपी सारखी करत होती. हसली असली तरी कानावरच्या झाकणांतून काही आलं नाही. मग पिप गेली, दोन चुकवल्या, एक फोडली, आणि येताना खांदा चोळत म्हणाली, "लाथ घालते गं मेली. जा, तुझी पाळी."

बंदूक वाटली होती त्यापेक्षा जड होती आणि उन्हात तापली होती. दस्त्याला आधीच्या तिघांच्या गालांचा घाम होता. रोंडाने दोन काडतुसं दिली, नरेलने ती घातली, बंदूक मिटली. मिटताना जो टक् असा आवाज झाला तो तिला आवडला. काहीतरी एकदाचं नीट बसल्यासारखा. समोर दरी होती, निळसर धुराची पट्टी तळाला, त्यापलीकडे डोंगरामागे डोंगर. तिने गाल टेकवला. आता एक शब्द म्हणायचा होता. तिच्या लक्षात आलं की दोन महिन्यांत आपण मोठ्याने असं काहीच बोललेलो नाही. शब्द छातीतून वर निघाला, पण वाटेत कुठेतरी रॉस उभा होता, तो शब्द हातात घेऊन उलटासुलटा बघत होता. "सोड," ती म्हणाली. काही उडालं नाही.

"ऐकू नाही आलं," रोंडा म्हणाली. "मोठ्याने."

"सोड."

"बाई, यंत्र खाली आहे, मी इथे आहे, आणि माझ्या कानांवर हे आहे. ओरड."

मागून रॉसचा आवाज आला, "अगं, ओरड की! नळवाला नाहीये तो!" म्हणजे बाथरूममधला तो नळवालाही आता सगळ्यांसमोर आला. नळी हवेत लहान लहान गोल काढत होती. तिला वाटलं, आता एकदाच, पोटाच्या तळापासून. तिने श्वास घेतला. आणि बाहेर पडलं ते "सोड ना?" असं. शेवटचा शब्द वर गेला, अधांतरी राहिला, परवानगी मागत. ते तिने ऐकलं. त्याच क्षणी तिच्या पाठीमागे, झाकणांतून अगदी बारीक, तोच आवाज पुन्हा उमटला. "सोड ना? म्हणजे जमेल तेव्हा सोड हं, आज नाही जमलं तरी चालेल." आणि त्यावर हसणं आलं. श्वास अडकल्याचा झटका, मग नाकातून फुत्कार.

नरेल वळली. पुढे अनेक वेळा तिने तो क्षण हाताने चाचपून पाहिला आणि दर वेळी त्यात एक गोष्ट होतीच. बंदूक हातात आहे हे तिला माहीत होतं. ती भरलेली आहे हे माहीत होतं. नळीचं तोंड दरीवरून सरकत, जळालेल्या झाडांवरून, लिफ्टच्या खुर्च्यांवरून, कठड्यावरून येतंय हे तिने पाहिलं. आपण ते थांबवू शकलो असतो हेही. नळीच्या टोकाला पिपचा चेहरा आला. पिपचं तोंड अजून हसरंच होतं, हसणं संपायला वेळ मिळाला नव्हता, डोळे तेवढे बदलले होते. खालून एक हात आला, रोंडाचा, त्याने नळी हाणून वर केली आणि बंदूक उडाली. लाथ नरेलच्या खांद्याला न बसता जबड्याला बसली. छर्रे आकाशात गेले. बऱ्याच वेळाने, किंवा तसं वाटलं, ते लिफ्टच्या पत्र्यावर गारांसारखे तडतडले. पिप गवतात उकिडवी बसली होती, दोन्ही हात डोक्यावर. तिची टोपी उतारावरून घरंगळत चालली होती आणि कुणी ती धरायला गेलं नाही.

रोंडाने बंदूक काढून घेतली, मोडली, उरलेलं काडतूस बाहेर काढून खिशात टाकलं. मग नरेलच्या कानांवरची झाकणं स्वतःच्या हाताने उतरवली. "निघ," ती म्हणाली. "या चौथऱ्यावर पुन्हा पाय टाकायचा नाही. आज नाही, कधीच नाही. मला दोन पोरं आहेत."

"अपघात आहे हो," रॉस म्हणाला. "ती जरा... उन्हाचं झालं असेल. ती अशी नाहीये. ती माशी मारताना माफी मागते." इतक्यातही त्याने ते थोडं रंगवून सांगितलं. पण त्याचा चेहरा पांढरा पडला होता, आणि नरेलने पाहिलं, त्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच कुणाचीही नक्कल नव्हती. तो तिला घाबरला होता. तिला याची लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. जबडा ठणकत होता, तोंडात रक्ताची चव होती, आणि त्या चवीत कुठेतरी एक गोडवा होता.

दुपारभर त्या लाकडी घरात दारं उघडत होती आणि मिटत होती. वॉरिकचा आवाज भिंतीतून यायचा, पोलिसांना सांगायला हवं होतं, वेड लागलंय तिला, वीतभर इकडे तिकडे असती तर मी माझ्या वाढदिवसाला काय केलं असतं, शवपेटी घेऊन गेलो असतो खाली. रॉसचं पुटपुटणं यायचं, लिलावात भाव पडल्यावर तो ज्या समजावणीच्या सुरात बोलायचा तो सूर. नरेल मागच्या व्हरांड्यात गार पाण्याचा फडका जबड्याला लावून बसली होती. निलगिरीच्या सालींच्या लांब पट्ट्या सुटून खाली पडल्या होत्या, त्यांच्यावरून मुंग्या चालल्या होत्या. बऱ्याच वेळाने जाळीचं दार वाजलं. पिप आली, बसली नाही, कठड्याला पाठ लावून उभी राहिली. तिच्या गुडघ्यांवर गवताचे हिरवे डाग होते.

"तू मला मारणार होतीस," पिप म्हणाली.

"तू हसलीस."

"हसले म्हणून? आपण सगळेच हसत होतो. सुट्टीवर आलोय आपण."

"तेव्हा नाही. नोव्हेंबरमध्ये. फोनवर. रॉस बाथरूममध्ये होता, नळवाल्याचं चाललं होतं. मी बोळात उभी होते."

पिपने आधी न समजल्यासारखं केलं, मग समजल्याचं तिला लपवता आलं नाही. गळ्यावरून लाली चढत कानांपर्यंत गेली. ही लाली नरेलने सतराव्या वर्षापासून पाहिलेली होती. कोटाच्या खिशातली सिगारेट सापडली तेव्हा, वॉरिकबद्दल पहिल्यांदा सांगितलं तेव्हा. "तेवढ्यासाठी?" पिप म्हणाली. "अगं, तो सगळ्यांचीच करतो. माझी करतो, वॉरिकची करतो, मी तोंडात घास असताना बोलते ते करतो. आम्ही काय बंदुका काढतो?"

"माझी करायचा नाही तो. मी त्याला जमत नव्हते."

 पिपच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं, आणि ते सकाळच्या भीतीचं व्याज होतं. "कुणी सांगितलं तुला? नेल, तो तुझी पहिल्यापासून करतोय. तुमच्या लग्नाआधीपासून. तुझी तर त्याची सगळ्यात भारी. तू ख्रिसमसला स्वयंपाकघरात गेलीस की लोक मागे लागतात, रॉस, नेल कर, नेल कर. तुला खरंच माहीत नव्हतं? आम्हाला वाटायचं, माहीत असेल, तू मनाला लावून घेत नसशील. किती दिलदार आहे, असं म्हणायचो आम्ही."

"आम्ही म्हणजे कोण?"

"सगळे." पिपने हात झटकला. आणि जाता जाता, जाळीच्या दाराला हात लावून, तिने तेही सांगून टाकलं. "तुझी आईसुद्धा. तिला तर डोळ्यांतून पाणी यायचं. जाऊ दे, आता काय."

दार मिटलं.  नरेल वीस वर्षांच्या ख्रिसमसमधून फिरून आली. प्रत्येक वेळी ती स्वयंपाकघरात होती, ओव्हनमधल्या मांसावर चरबी ओतत, आणि बाहेरून हशा येत होता, आणि तिला बरं वाटत होतं. घर भरलंय, माणसं आनंदात आहेत, आपल्या नवऱ्याने मैफल रंगवलीय. ती पातेलं हातात घेऊन दारात यायची आणि हशा थांबायचा. तेही तिला आठवलं, तो थांबणारा हशा. तिला वाटायचं, भूक लागलीय सगळ्यांना, जेवण आलं म्हणून थांबले. आई टेबलाच्या टोकाला बसलेली असायची, रुमालाने डोळे पुसत. "काय झालं गं आई?" "काही नाही गं, तुझ्या नवऱ्याचं आपलं काहीतरी." आई गेली त्याला चार हिवाळे झाले. तिला आता विचारता येणार नव्हतं, तिच्याशी भांडता येणार नव्हतं, ते हसणं मागे घे म्हणून सांगता येणार नव्हतं.

संध्याकाळी, ऊन अजून कड्यावर होतं, तेव्हा ती खोलीत गेली. रॉस पलंगावर एकच बूट काढून पडला होता. तो उठून बसला, मधे उशी ओढून घेतली.

"कर," नरेल म्हणाली.

"काय?"

"मी. करून दाखव."

"नेल, वेडेपणा करू नकोस. पिपने काहीतरी भरवलंय तुला. गंमत असते ती. प्रेमाने केलेली असते."

"मग प्रेमाने कर. वीस वर्षांत मी सोडून सगळ्यांनी पाहिलीय. माझ्या मेलेल्या आईने पाहिलीय. कर."

तो हसायला गेला, जमलं नाही. खिडकीकडे पाहिलं. मग खांदे उडवून त्याने ती नळवाल्याची सुरुवात केली, पण ती फुसकी निघाली, नुसता बारीक केलेला आवाज; त्यात कुणीच नव्हतं. "ही नाही," नरेल म्हणाली. "ही तर कुणीही करेल. फाटकासमोर उभा राहून करतोस तशी कर. विकायचंय असं समज." आणि मग काहीतरी झालं. कदाचित ते 'विकायचंय' त्याला डिवचून गेलं असेल. त्याने मान थोडी कलती केली, हनुवटी आत घेतली, एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट धरलं. नरेलला दिसलं, आपण मनगट धरतो. तो बोलायला लागला आणि खोलीत ती होती. दवाखान्यातली नरेल होती, हवा काय छान पडलीय. दुकानात चुकीचं मोजल्यावर स्वतःच माफी मागणारी होती. तो थांबेना. डोळे अर्धे मिटले होते, तो आता तिच्यासाठी करत नव्हता, तो त्याच्या त्या जागेत गेला होता जिथे त्याला सगळं आपोआप सुचायचं. मग त्याने आवाज एकदम खाली आणला, तोंडाशी हाताचा आडोसा केला. "कीरन, मीच बोलतेय. काही खास नाही हं. तू कामात असशील. फोन नाही केलास तरी चालेल, मी आपलं सहज... तुझा वाढदिवस होता ना, म्हणून. आईची ती खुर्ची मी ठेवलीय तुझ्यासाठी. बरं. ठेवते. रागावला नाहीस ना अजून? बरं, ठेवते हं, ठेवते."

कीरन तिचा भाऊ. डार्विनला असायचा आणि आईच्या अंत्यविधीनंतर तिच्याशी बोलला नव्हता. ती त्याच्या फोनवर निरोप ठेवायची. कपडे धुवायच्या खोलीत जाऊन, दार लावून, मशीन सुरू करून, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये. रॉसने मशीनसुद्धा घेतलं होतं. वाक्यांच्या मधल्या जागांत त्याच्या घशातून एक हलकी घरघर येत होती आणि "ठेवते" म्हटल्यावर ती तशीच थोडा वेळ चालू राहिली, कारण फोन ठेवल्यावर ती तिथे तशीच थोडा वेळ उभी राहत असे. हेही त्याला माहीत होतं. चार वर्षं तो त्या दाराबाहेर उभा राहिला होता. आत ती एकटी, एका यंत्राकडे माफी मागत असताना, दोघांच्या मधे लाकडाची एक फळी असताना, त्याने एकदाही दार ढकललं नव्हतं. तो ऐकत होता आणि पाठ करत होता.

रॉसने डोळे उघडले. तिचा चेहरा पाहिला. "हे मी कुणाला करून दाखवत नाही," तो घाईघाईने म्हणाला. "शपथ. हे फक्त... पिपला एकदा. वॉरिकला नाही."

नरेलने टेबलावरची गाडीची किल्ली उचलली.

"कुठे निघालीस?"

"खाली."

"आत्ता? जबडा बघ तुझा. रस्त्यावर या वेळेला कांगारू येतात, वळणं आहेत. नेल, आपण बोलू, सकाळी बोलू." ती चपला घालत होती. मग त्याच्या ध्यानात आलं, आणि त्याचा सूर खरोखरच घाबरला. "अगं, पण ती आपली गाडी आहे. वॉरिकची सर्व्हिसिंगला टाकलीय. आम्ही तिघं परत जाणार कसे? मला शनिवारी तीन घरं आहेत!"

"रोंडाला विचार, कुणाची सोबत मिळते का. माझ्या आवाजात विचार," नरेल म्हणाली. "त्या बाईला दोन पोरं आहेत, ती काही हसायची नाही. पण माझ्याच आवाजात विचार. नाही जमलं तरी चालेल म्हणून सांग."

ती पुढच्या दालनातून गेली. वॉरिक आणि पिप टेबलाशी बसले होते, समोर वाईन, चीज, वाढदिवसाचा न कापलेला केक. पिप अर्धवट उठली. "नेल," ती म्हणाली. नरेल थांबली नाही. बाहेर हवा गार झाली होती. गाडी उन्हात उभी असल्याने आत अजून दुपार कोंडलेली होती. तिने गाडी मागे घेतली, खडी चाकांखाली करकरली. वरच्या गॅलरीत रॉस आला होता, एका पायात बूट, एका पायात मोजा, दोन्ही हात कठड्यावर. तो ओरडत होता, सबंध अंग वाकवून, लिलावातली शेवटची बोली पुकारताना वाकवतो तसं. काच वर होती. तो कुणाच्या आवाजात ओरडतोय ते नरेलला ऐकू आलं नाही, आणि तिने काच खाली केली नाही.